घोडीपुढे पायी

बाबा, त्या दिवशी माळेगावच्या यात्रेच्या मैदानात मालकांनी सगळ्यांसमोर घोडीचा लगाम तुमच्यापुढे धरला आणि म्हणाले, तूच बस वर. तुम्ही का बसला नाहीत? या प्रश्नाला आता सोळा वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन चौदा. मधल्या काळात मी त्याची निदान दहा उत्तरं तयार केली, परीक्षेत लिहितात तशी मुद्देसूद. एकेक उत्तर काही महिने टिकतं, मग मलाच ते खोटं वाटायला लागतं. उत्तर मला माहीत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लिहिता लिहिता ते सापडल्याचा आव माझ्याकडून आणला जाणार नाही.

कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, तुझे वडील काय करायचे, की मी म्हणायची, मोतद्दार होते. मग तो शब्द समजावून सांगावा लागायचा. घोड्याला चारा-पाणी करणारा, खरारा करून त्याचं अंग घासणारा, लीद काढणारा, आणि मालक घोड्यावर बसला की लगाम धरून पुढे पायी चालणारा माणूस. एकीने विचारलं होतं, मग त्यांना घोडेस्वारी मस्त येत असेल ना? मी हो म्हणाले. ते खरं होतं की खोटं, हेही मला ठाऊक नाही. तुम्हाला घोड्यावर बसलेलं मी कधीच पाहिलं नाही. मोतद्दाराने मालकाच्या घोड्यावर बसायचं नाही, ही आपल्या गावाची रीत होती. ती कुणी बोलून दाखवत नव्हतं, आणि त्यातून आपलं घर गावाबाहेरच्या वस्तीतलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. माझ्या शाळेची चौकशी करायचे, कंधारच्या बाजारातून येताना माझ्यासाठी वही आणायचे. पण गावातून घोडी निघाली की वर कोण आणि खाली कोण, हे सूर्य कुठून उगवतो तितकं ठरलेलं होतं.

घोडीचे हरभरे आपल्या घरात भिजायचे. मालकीणबाईंना त्यांचा आंबूस वास सोसत नव्हता, म्हणून ॲल्युमिनियमची दोन मोठी पातेली आपल्या चुलीशेजारी येऊन बसली. आई रोज संध्याकाळी हरभरे निवडायची, एकेक खडा बाजूला काढायची आणि म्हणायची, नवऱ्याच्या भाकरीत खडा निघाला तर एकवेळ चालतंय, घोडीच्या दाताखाली आला तर माझी खैर न्हाई. मी येता-जाता त्यातले मूठभर तोंडात टाकायची. एकदा तुम्ही पाहिलंत. ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, ‘मागून खा. तिचं हाय ते.’ मी विचारलं, कुणाला मागू, घोडीला? तुम्ही अगदी गंभीरपणे मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी मी खरंच मूठ भरून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. कुमैत होती ती, भिजवलेल्या खारकेच्या रंगाची, चारी पाय गुडघ्याखाली काळे. तिने माझ्या बंद मुठीला नाक लावलं आणि श्वास सोडला. एखाद्या जिवाच्या आत इतका मोठा, इतका गरम श्वास मावतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मूठ उघडली. एकही हरभरा माझ्या वाट्याला आला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

ती घोडी तुम्ही शिकवलीत त्या हिवाळ्याची गोष्ट मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगते. ती कुणाला खरी वाटत नाही. मालकांना रवाल चालीची घोडी हवी होती. रवाल म्हणजे घोड्याचे पाय भराभर पडतात पण पाठ हलत नाही, वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही, अशी चाल. ती शिकवायची तर शिकवणाऱ्याने पाठीवर बसावं लागतं. पाठ कुठे उचलते, कुठे कलते, ते बसल्या जागी अंगाला कळावं लागतं. तुम्हाला तर बसायचं नव्हतं. म्हणून तुम्ही घोडीवर पाणी बसवलंत. हरभऱ्यांच्या दोन पातेल्यांतलं एक तुम्ही खोगिरावर दोरीने चारी बाजूंनी करकचून बांधलंत, दोन्ही अंगांना वाळूची पोती सोडलीत म्हणजे माणसाएवढं वजन व्हावं, पातेलं काठोकाठ भरलंत आणि मन्याड नदीच्या कोरड्या पात्रातून तिला घेऊन पुढे चालायला लागलात. मी शाळेची वेळ होईपर्यंत मागोमाग यायची. शंभरेक पावलं झाली की तुम्ही थांबता, खोगिराखालच्या घोंगडीवरून हात फिरवता. डावीकडे ओल लागली, तर तिचा मागचा डावा पाय जड पडतोय. पुढे ओल असली, तर घाई करतेय. मागे असली, तर चूक तिची नाही, तुमची, तुम्ही तिला ओढलंत. शाळेत आम्हाला तेव्हा नकाशा वाचायला शिकवत होते, नदी कुठून येते आणि कुठे जाते ते. तुम्ही सहीपुरते शिकलेले, आणि रोज पहाटे एका ओल्या घोंगडीवर आख्खी घोडी वाचत होता.

महिना गेला, दुसरा गेला. एका सकाळी तुम्ही थांबलात, हात फिरवलात, परत फिरवलात आणि मला हाक मारलीत, ‘बघ गं.’ मी टाचा उंचावून घोंगडीला हात लावला. डावी कोरडी, उजवी कोरडी. तुम्ही मला उचलून पातेलं दाखवलंत. पाणी काठाला टेकून जिथल्या तिथे उभं होतं, आणि घोडी वाळूतून पुलापासून बाभळींपर्यंत चालत आलेली होती. पुढे मी पुण्याला सहा महिने घोडेस्वारी शिकवण्याचं शिक्षण घेतलं. तिथे परदेशी जातीचे घोडे पाहिले, माणसाच्या उंचीवरून उड्या मारणारे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण त्या घोंगडीला हात लावला आणि ओल लागलीच नाही, तेव्हा मी जशी गप्प झाले तशी पुन्हा कुठे झाले नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही, तुमच्याही. घोडी त्या सगळ्या महिन्यांत तुमच्याशिवाय एक पाऊलही चालली नव्हती. पुढे मालक बसायला लागले, गावातून फेरी मारायला लागले, तेव्हाही लगाम तुमच्याच हातात. यात कुणाला काही वेगळं दिसायचं कारणच नव्हतं, घोडीपुढे मोतद्दार असतोच. यात्रेतल्या चालीच्या स्पर्धेत मात्र स्वार एकटा लागतो. तुम्ही आम्हाला, आईला आणि मला, दोरीच्या कडेला उभं केलंत. मालक घोडीवर बसले, पंचांनी त्यांच्या हातात भरलेला पेला दिला, तुम्ही लगाम सोडून बाजूला झालात, आणि घोडी जागच्या जागी उभी राहिली. मालकांनी टाच मारली. तिने कान मागे घेतले. पुन्हा मारली. तिने मान वळवून गर्दीत बघायला सुरुवात केली. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, मंडळी, जरा दम धरा, कंधारकडची घोडी फोटो काढून घेऊन राहिली. सगळं मैदान हसलं. मालकांच्या शर्टावर पाणी सांडलं होतं. ते उतरले, घोडीला ओढत दोरीपाशी आले आणि लगाम तुमच्यापुढे धरून म्हणाले, ‘तुझ्यासंगंच चालती म्हण की. मग तूच बस वर.’

हे ते रागाने म्हणाले की मनापासून, ते मला अजून ठरवता येत नाही. तो आवाज मी हजार वेळा परत ऐकलाय. आपल्या वस्तीतली चार माणसं मागे उभी होती. त्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, बस की रे. मी आईचा पदर इतका ओढला की तिने माझ्या हातावर चापट मारली. बसा, बसा, बसा, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. तुम्ही लगामाकडे पाहिलंच नाही. घोडीच्या तोंडाकडे पाहिलंत. तिथे फेस आला होता. तुम्ही गालाचा पट्टा एका छिद्राने सैल केलात, तिच्या कपाळावर तळहात ठेवलात, आणि पंचांकडे वळून विचारलंत, ‘म्होरं पळालं तर चालतंय का? हात लावत न्हाई.’ पंचांनी आपसांत डोकी जवळ आणली. हात लावायचा नसेल तर आमची ना नाही, म्हणाले. मालक पुन्हा वर चढले, पेला पुन्हा भरला गेला. तुम्ही चपला काढून आईच्या पायाशी ठेवल्यात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलात, आणि पळायला लागलात.

बाबा, ते मला कसं सांगावं कळत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस अनवाणी पळतोय, मागे वळून एकदाही बघत नाहीये, आणि त्याच्या मागे तीन हातांवर घोडी येतेय. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे तिचे पाय वाजताहेत, आणि पायांच्या वर काहीच हलत नाहीये, जणू घोडी दोन आहेत, खालची पळतेय आणि वरची नुसती तरंगत निघालीय. लाऊडस्पीकरवाला बोलायचा थांबला. माझ्या शेजारी यात्रेतला एक उंटवाला उभा होता, त्याने बिडी तोंडातून काढून हातात धरली आणि तशीच धरून ठेवली. वळणावर तुम्ही जिभेने टक् असा आवाज केलात, फक्त एकदा, आणि घोडी तुमच्या सावलीबरोबर वळली. मालक वर बसले होते, पातेल्यासारखे. मी रडत होते, की हसत होते, मला आठवत नाही. आई मला आजही सांगते की मी दोन्ही करत होते.

दुसरा नंबर आला. मालकांना फेटा बांधला. त्यांनी सगळ्यांसमोर तुमच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मालकांची घोडी पाहिली का, असं एकमेकांना म्हणत यात्रा पांगली. परतीच्या टेम्पोत तुम्ही मागे घोडीजवळ उभे. लोह्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा माझा सगळा आनंद कुठे गेला होता कुणास ठाऊक. मी अकरा वर्षांची, शाळेत जयंतीला भाषण करणारी, पहिला नंबर आणणारी पोर. मी तुमच्याजवळ आले आणि म्हणाले, ‘सगळे बस म्हणत होते. तुम्ही भ्यालात.’ आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जसं घोंगडीवरून हात फिरवताना बघायचात तसं. ‘भ्यालो आसंन,’ तुम्ही म्हणालात. ‘चहा पी. सांडायलीस.’

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होता. दोन वर्षांत हा शब्द मागे घ्यायला किती दिवस होते. मी घेतला नाही, कारण मला तो खरा वाटत होता. मग तुम्हाला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. पुढच्या यात्रेत मालकांनी घोडी विकली. हरभऱ्यांची पातेली परत गेली, आणि आई काही दिवस संध्याकाळी सवयीने सूप घेऊन बसायची आणि मग उठायची.

मी शिकले. लातूरला वसतिगृहात राहून बी.ए. केलं, आपल्या घरातली पहिली. मग पुण्याला तो अभ्यासक्रम केला, आणि लातूरला परत आले. चाकूरच्या रस्त्यावर एका बियाणांच्या व्यापाऱ्याने शौकाने दहा घोडे ठेवलेत. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. शनिवार-रविवारी लातूर-नांदेडहून कुटुंबं येतात, मुलं फेरी मारतात, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं महिन्यातून एकदा क्लासला दांडी मारून येतात आणि घोड्यावर बसल्यावर पहिल्यांदा हसतात. हिवाळ्यात आम्ही चार-पाच जणांना घेऊन घोड्यांवरून उदगीरच्या किल्ल्यापर्यंत जातो, वाटेत मुक्काम करत. मी शिकवते. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘एवढं शिकून बी लीद काढायलाच गेलीस व्हय?’ मी म्हणाले, अगं, मी लोकांना घोड्यावर बसायला शिकवणार आहे. ती म्हणाली, मग खाली कोन चालनार हाय? मी तेव्हा हसले.

खाली मामा चालतात. मामा म्हणजे आमचे मोतद्दार, उदगीरच्या पलीकडचे, पंचावन्नच्या पुढचे. घोड्यांशी कानडीत बोलतात आणि माणसांशी शक्यतो बोलत नाहीत. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. साहेबांनी या वर्षी एक कोवळी पांढरी घोडी आणली, अजून कुणी न बसलेली. ती मामांच्या मागे मागे फिरते, त्यांनी खुर्ची हलवली तरी कान टवकारते. तिच्यापुढे त्यांना चालताना पाहिलं की तुम्ही आठवायचात. मला वाटायचं, या माणसाने तीस वर्षं घोडे वाढवले आणि कधी वर बसला नाही. जे माझ्या बाबांच्या बाबतीत झालं ते इथे, माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं नाही.

म्हणून गेल्या रविवारी, पन्नासेक पाहुणे जमलेले असताना, मी माईक घेतला. बोलायची मला सवय आहे, वसतिगृहात असताना वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती. मी म्हणाले की घोडा ज्याने वाढवला त्याचा पहिला मान, आणि आपल्याकडे तो मान कधीच त्याला मिळाला नाही. सगळं मी मनापासून बोलत होते, बाबा. मग मी आमच्या सर्वांत शांत घोड्याचा लगाम मामांपुढे धरला आणि म्हणाले, ‘मामा, बसा.’ लोकांनी मोबाइल वर केले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मामा पुढे आले. त्यांनी लगामाकडे पाहिलं नाही. घोड्याच्या पोटाखाली हात घालून तंगाचा पट्टा तपासला, माझ्या हातातून लगाम अलगद काढून घेतला, आणि घोड्याला हौदावर पाण्याला घेऊन गेले. एक बाई म्हणाली, घाबरले बिचारे. सगळे हसले.

माझा हात तसाच लांब राहिला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला माळेगावचा तो दुसरा हात दिसला. सोळा वर्षं मी स्वतःला दोरीच्या कडेला उभी धरून चालले होते, आईचा पदर ओढत. त्या रविवारी मी मालकांच्या जागी उभी होते, माईकसकट. मालक निदान एकदाच बोलले होते.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. ते चिडले नव्हते, ते चिडत नाहीत. म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे एक गोष्ट कळली. ज्याला घोड्यावर बसता येत नाही त्याला या धंद्यात ठेवून काय करायचं? उद्या एखादा पाहुणा पडला, घोडा उधळला, तर हा पायी पळणार का मागे? दिवाळीच्या सुट्ट्यांच्या आत दुसरा माणूस बघा. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, जाहिरातीचा मजकूर तुम्हीच लिहा, तुमची भाषा चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबेल्यात गेले. मामा पांढरीला खरारा करत होते. मी माफी मागितली. नुसती मागून थांबले नाही, सगळं सांगितलं, तुमचं पातेलं, माळेगाव, टेम्पो, मी काय म्हणाले ते. साहेबांचंही सांगितलं. मामांचा हात थांबला नाही. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, पुन्हा मानेवर. माझं संपल्यावर त्यांनी ब्रशातले केस झटकले.

‘तुमच्या वडलांचं मला काय म्हाईत न्हाई, मॅडम,’ ते म्हणाले. ‘माझं सांगतो. मला वर गरगरतंय.’

मला कळलंच नाही. मी विचारलं, म्हणजे?

‘म्हंजे काय, चक्कर येती. जवान होतो तवा एकडाव बसलो. उतरलो अन् भडाभडा वकलो. तवापासून न्हाई. झाडावर बी न्हाई, माळवदावर बी न्हाई. घोड्याच्या कामात हाय अन् घोड्यावर गरगरतंय, सांगावं कुनाला? बायकोला बी ठावं न्हाई. अन् तुम्ही तर माईकवर बोलवलं.’

मी हसले. मला थांबताच येईना. मामाही हसले, आवाज न करता, खांद्यांनी. पांढरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते म्हणाले, साहेबांना मातर सांगू नका, आणि पुन्हा घोडीकडे वळले. त्यांचा चेहरा मला दिसेनासा झाला, आणि माझं हसू हळूहळू गेलं. ते खरं होतं का, बाबा? की माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी मला सोडवलं, तुम्ही मला ‘भ्यालो आसंन’ म्हणून सोडवलंत तसं? आणि तुम्हालाही तसंच काहीतरी साधं होत असेल का, ज्याच्यावर मी इतकी वर्षं भाषणं रचत बसले? की तुम्हाला फक्त घोडीच्या तोंडचा फेस दिसत होता, आणि लगाम, मालक, वस्ती, मी, यातलं काही दिसतच नव्हतं? तेही शक्य आहे. तुम्ही पळत होता तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला होता. भ्यालेल्या माणसाचा नव्हता तो. पण हरलेल्याचा किंवा जिंकलेल्याचाही नव्हता. तसा चेहरा मी नंतर कुणाचा पाहिला नाही, त्यामुळे त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

मी साहेबांकडे गेले. माझ्या मनात सगळं खरं सांगायचं होतं, मला तेवढंच येतं. पण मामांचं खरं माझं नव्हतं. मी म्हणाले, साहेब, मामांना वर बसायची मनाई मीच केलेली आहे. रविवारी मलाच भान राहिलं नाही. कोवळी घोडी तयार करताना तिच्या पुढचा माणूस तिला कधी कुठल्या घोड्याच्या पाठीवर दिसू नये, तो कायम जमिनीवरच दिसला पाहिजे, अशी शिकवायची एक पद्धत आहे. साहेबांनी विचारलं, पुण्याची का? मी म्हणाले, कंधारची. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, असं लेखी द्या मग.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. आईलाही दाखवणार नाही. ती म्हणेल, मेलेल्या माणसाला किती छळतीस. पण एक कबूल करते. ‘भ्यालात’ हा शब्द मी आज मागे घेते, तरी आतून मला अजूनही वाटतं, तुम्ही त्या दिवशी बसायला हवं होतं, एकदाच, दहा पावलं, मला बघायला मिळावं म्हणून. माझी ही हाव काही जात नाही. ती माझी आहे, मामांची नाही, एवढं आता कळलंय.

काल मी ते लेखी दिलं. मोतद्दारास घोड्यावर बसण्यास प्रशिक्षकाची मनाई आहे, पांढरी घोडी अजून दोन महिने फक्त त्यांच्याच हाताखाली चालेल, होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन. तीन वाक्यं, त्यातलं पहिलं साफ खोटं. खाली सही केली, बी.ए. लिहिलं, आणि जाहिरातीसाठी दिलेला कागद कोराच साहेबांच्या टेबलावर परत ठेवून आले.